जपानी प्लमचं रोप घेण्याआधी आपल्या बांधावरची जाळी बघा



आजचा मेसेज नेहमीपेक्षा लांब आहे. नेहमीसारखा फवारणीचा किंवा हवामानाचा सल्ला नाही. एका विषयावर माझं मत मांडतो आहे. सवडीने वाचा. घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा, कारण हा विषय करवंदं-जांभळं वेचणाऱ्या बायकांचा जास्त आहे.

गेल्या पंधरा दिवसांत मोखाड्याकडच्या दोन आणि जव्हारच्या एका सभासदाने मला एकाच प्रकारचा फोटो पाठवला. काळ्या पिशवीतलं रोप आणि त्यावर लाल-जांभळ्या फळांचं चित्र लावलेली चिठ्ठी. नाव ‘जपानी प्लम’. रोप विकणारा आठवडे बाजारात येतो, मोबाईलवर व्हिडिओ दाखवतो आणि पावसाळ्यासाठी आत्ताच आगाऊ पैसे मागतो. तिघांचाही प्रश्न एकच: “दादा, लावू का?”

माझं उत्तर आधीच सांगतो, म्हणजे शेवटपर्यंत थांबायला नको. *लावू नका. आगाऊ पैसे तर मुळीच देऊ नका.* पण त्या व्हिडिओत जपानी माणसं त्या फळाचं जे करतात, ते मात्र नीट बघा. आपण शिकायचं आहे ते तिथेच.

*रोप का नको?*

‘जपानी प्लम’ या नावाखाली वेगवेगळी झाडं विकली जातात. एक म्हणजे आलुबुखार. हिमाचलात कुलूकडे याच्या बागा आहेत. दुसरं म्हणजे लोकाट, त्यालाही इंग्रजीत कधी कधी जपानी प्लम म्हणतात. तिसरं म्हणजे जपानचं खास आंबट फळ, ‘उमे’. व्हिडिओत खारवलेली फळं आणि बरणीतलं पेय दाखवतात ते या उमेचं. म्हणजे चिठ्ठीवरचं चित्र एकाचं, व्हिडिओ दुसऱ्याचा आणि पिशवीतलं रोप तिसऱ्याचं, असं होऊ शकतं. फळ लागेपर्यंत ते कळणार नाही, आणि फळ न लागण्याचीच शक्यता जास्त.

आलुबुखार आणि उमे ही थंडी मागणारी झाडं आहेत. हिवाळ्यात पानं गाळून ती झोपतात. सात अंशांच्या खालची थंडी पुरेसे तास मिळाली की झोप पुरी होते आणि मग फुलं येतात. काही जातींना असे कित्येकशे तास लागतात. थंडी मिळाली नाही तर झाड पानं काढतं, उंच होतं, सावलीसुद्धा देतं. फळ मात्र देत नाही.

आता कोणी म्हणेल, जव्हारला थंडी पडत नाही का? पडते. जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, सूर्यमाळ त्याहून उंच. पौषात सकाळी शेकोटीशिवाय बसवत नाही. पण ती थंडी पहाटेची. दहा वाजले की अंगातला स्वेटर निघतो. सात अंशांखालचे शेकडो तास आपल्याकडे भरत नाहीत. कमी थंडीत येणाऱ्या आलुबुखाराच्या जाती आहेत, पंजाबात ‘सतलज पर्पल’ लावतात, हे खरं. पण पंजाबची थंडी आणि आपली थंडी यात केवढा फरक आहे ते तिकडे ट्रकवर जाऊन आलेल्या कोणालाही विचारा.

“मग नवीन काही करायचंच नाही का?” असंही विचारतील. करायचं. मोगरा आपल्याकडे असाच नव्याने आला आणि आज आपला मोगरा दादरच्या फुलबाजारात जातो. स्ट्रॉबेरीही आपल्या भागातल्या शेतकऱ्यांनी करून बघितली. पण स्ट्रॉबेरीचा निकाल एका हंगामात लागतो. चुकलं तर एका हंगामाचे पैसे गेले, पुढच्या वर्षी त्याच वाफ्यात भाजी लावली. फळझाडाचं तसं नाही. तीन-चार वर्षं खड्डा, खत, पाणी, कुंपण करायचं आणि पाचव्या वर्षी कळायचं की झाड वांझ आहे. दोन एकर वरकस जमिनीच्या माणसाला ही पाच वर्षं परवडत नाहीत. माझा विरोध परदेशी झाडाला नाही. आपल्या हवेत न येणाऱ्या झाडात पैसा आणि वर्षं अडकवण्याला आहे.

*जपानच्या शेतकऱ्याने खरं काय केलं?*

जपानात वाकायामा नावाचा प्रांत आहे. तिथे मिनाबे आणि तानाबे या गावांच्या आसपास डोंगरउतारावर उमेच्या बागा आहेत. जमीन हलकी, दगडगोट्यांची, उताराची, भाताला न चालणारी. आपल्या वरकसाची बहीणच म्हणा. सुमारे चारशे वर्षांपूर्वी तिथल्या राज्यकर्त्यांनी अशा पडीक उतारावर उमे लावणाऱ्याला करात सूट दिली. डोंगराच्या माथ्यावर जंगल राखलं, त्या जंगलातल्या मधमाश्या उमेच्या फुलांवर येतात. ही शेतीची पद्धत इतकी चांगली टिकली की २०१५ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तिला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली.

आता मुद्दा ऐका. उमे हे फळ झाडावरून तोडून कोणी खात नाही. भयंकर आंबट. हिरवं असताना तर कच्चं खाऊच नये असं असतं. म्हणजे आपल्या हिशेबाने बाजारात किंमत शून्य. तरीही त्या फळावर गावं उभी आहेत. कारण तिथला शेतकरी ते तोडून टोपलीत घालून रस्त्यावर बसत नाही. तो ते खारवतो, वाळवतो, मुरवतो आणि मग विकतो.

खारवलेल्या उमेला ‘उमेबोशी’ म्हणतात. पद्धत आपल्या आजीला समजेल इतकी सोपी आहे. पिकलेली फळं धुऊन कोरडी करायची. फळाच्या वजनाच्या अठरा ते वीस टक्के मीठ घालून बरणीत थर द्यायचे. वर वजन ठेवायचं. काही दिवसांत फळातून पाणी सुटून फळं त्यात बुडतात. महिनाभर तशीच ठेवायची. मग पाऊस उघडला की तीन दिवस कडक उन्हात वाळवायची. झालं. ना तेल, ना मसाला. ही फळं वर्षानुवर्षं टिकतात. वरती सुटलेलं खारं-आंबट पाणीसुद्धा ते टाकत नाहीत, स्वयंपाकात वापरतात. डब्यातल्या पांढऱ्या भातावर मधोमध एक लाल उमेबोशी ठेवतात.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. १९०२ साली मिनाबेतल्या ताकादा नावाच्या शेतकऱ्याने आपल्या बागेत रोपं लावली. त्यात एक झाड वेगळं निघालं, फळ मोठं आणि मांसल. त्याने ते जपलं. पुढे १९५० नंतर गावातल्या लोकांनी मिळून ठरवलं की आपल्या भागातलं सगळ्यात चांगलं मातृवृक्ष कोणतं ते शोधायचं. पाच वर्षं झाडं तपासली. त्या कामात तिथल्या हायस्कूलचे शिक्षक आणि विद्यार्थीही होते. शेवटी ताकादाचंच झाड पहिलं आलं. १९६५ साली त्या जातीची ‘नान्को’ नावाने नोंद झाली. आज नान्को हे जपानातल्या उमेचं सगळ्यात प्रसिद्ध नाव आहे.

म्हणजे त्यांनी बाहेरून रोप आणलं नाही. *आपल्याच गावात हिंडून आपलं सगळ्यात चांगलं झाड शोधलं, त्याची कलमं केली आणि फळ कच्चं विकणं बंद केलं.* या तीन गोष्टी आपल्याला जव्हार-मोखाड्यात करता येतात. त्यांना सात अंशांची थंडी लागत नाही.

*आपलं ‘उमे’ कुठे आहे?*

बांधावर आहे. आज बाहेर पडून बघा, करवंदाच्या जाळ्यांना हिरवी फळं लगडली आहेत. कच्चं करवंद चिकाळ आणि आंबट, नुसतं खाववत नाही. अगदी उमेसारखं. पिकलं की गोड, पण दोन दिवसांत मऊ होतं. आपल्या बायका भल्या पहाटे काट्यांत हात घालून ती तोडतात, पळसाच्या पानाचे द्रोण करतात आणि रस्त्याच्या कडेला उन्हात बसतात. संध्याकाळी उरलेली फळं पडेल त्या भावात जातात, कारण उद्या ती कोणी घेणार नाही.

दुसरं आहे जांभूळ. गंमत अशी की इंग्रजीत जांभळाचं एक नाव ‘जावा प्लम’ आहे. प्लम हवाच असेल तर तो आपल्या नदीकाठी आधीच उभा आहे! आपल्याच पालघर तालुक्यातल्या बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, जसं २०१६ साली घोलवडच्या चिकूला मिळालं. आणि बहाडोलीने काय केलं? तिथेही गावातल्या जांभळाची निवड झाली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची जांभळाची जात आहे, तिचं नावच ‘कोकण बहाडोली’. करवंदाचीही याच विद्यापीठाची जात आहे, ‘कोकण बोल्ड’. म्हणजे मिनाबेत जे झालं तसं आपल्या जिल्ह्यातही होतं. फक्त आपण वरच्या घाटातले लोक त्यात मागे राहिलो.

इथे आपली एक चूक कबूल करतो. दोन वर्षांपूर्वी आपण जांभूळ गोळा करून क्रेटमध्ये भरून नाशिकला पाठवलं होतं. आठवत असेल. पहिल्या पावसात भिजलेलं फळ, वर गाडी वाटेत अडकली. पोचेपर्यंत खालच्या थरातून रस गळत होता. व्यापाऱ्याने निम्मा माल नाकारला. आपण त्याला शिव्या दिल्या, पण दोष त्याचा नव्हता. जांभूळ उघड्यावर एक-दोन दिवसांपलीकडे राहत नाही, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. माहीत असून आपण ते ऐंशी किलोमीटर कच्चं पाठवलं. त्या दिवशी तो माल इथेच दाबून रस काढला असता तर सभासदांना पैसे देता आले असते. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही, म्हणूनच हा मेसेज लिहितो आहे.

*ऊन आणि पाऊस कोणाच्या बाजूला?*

जपानी भाषेत पावसाळ्याला जो शब्द आहे तो लिहिताना ‘उमेचा पाऊस’ असा लिहितात, कारण उमे पिकतं तेव्हाच पाऊस लागतो. म्हणून त्यांना फळ मिठात ठेवून उन्हाची वाट बघावी लागते.

आपलं करवंद त्याच्या उलट आहे. ते एप्रिल-मे महिन्यात येतं, तेव्हा ऊन फुकट आणि भरपूर. मेच्या पहिल्या आठवड्यात मिठात घातलेलं करवंद महिनाअखेर वाळवून बरणीत जाऊ शकतं, पाऊस यायच्या आत. करवंदासाठी आपली हवा मिनाबेपेक्षा चांगली आहे.

जांभळाचं मात्र उमेसारखं आहे. ते नेमकं पावसाच्या तोंडावर येतं. वाळवायचा नाद करू नका, बुरशी येईल. जांभळाचा रसच काढायचा. त्यासाठी थोडी माहिती देतो:

• फळ हाताने कुस्करा, बी फोडू नका. बी फुटली की रस तुरट होतो.
• भांडं स्टीलचं. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं नको, रंग बिघडतो.
• गर मंद आचेवर सत्तर अंशांपर्यंत तापवला की सालीचा रंग रसात उतरतो. उकळी आणू नका.
• स्क्वॉशमध्ये किमान २५ टक्के रस आणि ४० टक्के विद्राव्य घटक लागतात. म्हणजे एक किलो रसातून चार किलो स्क्वॉश होतो. त्याला साधारण १.४ किलो साखर लागते, बाकी पाणी आणि थोडं सायट्रिक ॲसिड.
• टिकवण्यासाठी जांभळा-लाल रंगाच्या रसात सोडियम बेंझोएट वापरतात. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटने रंग उडतो. प्रमाण अंदाजाने टाकायचं नाही, प्रशिक्षणात मोजून शिकायचं.

एक सावधगिरी. त्या व्हिडिओत उमेची दारूही दाखवतात, ‘उमेशू’. जपानात १९६२ पासून कायद्याने घरी पिण्यापुरती ती करायला परवानगी आहे. आपल्याकडे तशी नाही. परवान्याशिवाय दारू केली तर गुन्हा दाखल होतो. कंपनीच्या नावावर असलं काही नको. आपल्याला सरबत पुरे.

*सोपं आहे असं मी म्हणत नाही*

बाटली, झाकण, लेबल, अन्न परवाना, तपासणी, साखर, सगळ्याला आधी पैसे लागतात आणि माल विकल्यावर परत येतात. जपानात उमेबोशी शतकानुशतकं घरोघरी खातात, म्हणून तिथे गिऱ्हाईक तयार आहे. खारवलेलं करवंद भाकरीबरोबर आपण खातो, पण मुंबईचा माणूस ते विकत घेईल का, हे विकून बघितल्याशिवाय कळणार नाही. म्हणून पहिल्या वर्षी मशीन नको, शेड नको, कर्ज तर नकोच. थोड्या बरण्या आणि थोड्या बाटल्या. विकल्या तर पुढे. नाही विकल्या तर आपल्याच घरात संपतील, कोणाचं घर बुडणार नाही.

पण काहीच न करणंही फुकट नाही. भात-नागली झाली की आपली निम्मी माणसं वीटभट्टीवर, भिवंडी-वसईकडे जातात. मार्च-एप्रिलपासून घरात पैसा नसतो आणि नेमकं तेव्हाच करवंद येतं. मग जांभूळ येतं, तेव्हा बियाण्याला पैसे हवे असतात. या दोन फळांचे पैसे नेमके अडचणीच्या तीन महिन्यांत येतात. बाहेरून आणलेलं कोणतं झाड हे करेल?

आणखी एक. जांभळाची फांदी कचकन मोडते. दर वर्षी कोणीतरी पडतं. जास्त भावासाठी जास्त उंच चढू नका. खाली जाळी धरून फांदी हलवायची. आणि वाडी साफ करताना करवंदाच्या जाळ्या मुळापासून तोडून जाळू नका. फुकटचं कुंपण आणि फुकटचं फळ, दोन्ही जातं.

जंगलातल्या फळाबद्दल काही जण घाबरतात. आपले दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. पेसा कायदा १९९६ चा आणि वनहक्क कायदा २००६ चा. गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा आपला हक्क त्यात मान्य आहे. तरी ग्रामसभेत विषय घ्या, ठराव करा, म्हणजे गाडी अडवली तर कागद हातात असेल.

*तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात*

१. तुमच्या पाड्यात सगळ्यात मोठ्या, गोड, कमी बियांच्या करवंदाची जाळी कोणती? लवकर येणारं, गराचं जांभूळ कोणतं? ते म्हाताऱ्या माणसांना आणि गुरं राखणाऱ्या पोरांना विचारा, त्यांना नक्की माहीत असतं. फळाचा फोटो हातात धरून काढा, जागेचं लोकेशन टाका. पावसाळ्यात त्याच झाडांच्या गुट्या आणि कलमं बांधायची आहेत. हा आपला ‘नान्को’चा शोध समजा.

२. प्रत्येक बचत गटाने या हंगामात फक्त पाच किलो करवंदं खारवून बघावी. लालसर झालेलं पण कडक फळ, किलोला १८० ते २०० ग्रॅम मीठ, काचेची किंवा चिनी मातीची बरणी. मे महिन्याच्या शेवटी सगळ्यांच्या बरण्या ऑफिसात उघडू आणि एकत्र चाखू. कोणाची बिघडली तर लाजू नका, का बिघडली ते सगळ्यांना शिकायला मिळेल.

३. रोपवाल्याला आगाऊ पैसे दिले असतील तर आजच ऑफिसला कळवा. पावती असेल तर फोटो पाठवा. त्याच्याशी आपण मिळून बोलू. एकटा सभासद गेला की तो टोलवाटोलवी करतो.

फळझाड लावायचंच असेल तर कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी सहायकाला विचारून, खात्रीच्या रोपवाटिकेतलं आणि जातीचं नाव लिहिलेल्या पावतीवरचं रोप घ्या.

माझं मत पटलं नाही तरी सांगा. “लावून बघितलं आणि फळ आलं” असं आपल्या तालुक्यातलं कोणी असेल, तर मी स्वतः ते झाड बघायला येईन आणि चुकलो असं याच ग्रुपवर लिहीन. लिहायचा कंटाळा असेल तर व्हॉइस नोट पाठवा.

तोपर्यंत जाळी सांभाळा.

आपल्या कंपनीच्या सल्ला विभागातर्फे